एका कुंडीतल्या पाच जाती

५ जानेवारी, सकाळी ७.१५
निवृत्तीनंतरच्या एकशे बाराव्या दिवशी विषय सापडला. जेड.

चौतीस वर्षं मी कॉलेजच्या लायब्ररीत वर्गीकरण विभाग सांभाळला. एक लाख एकोणीस हजार पुस्तकं. एकही चुकीच्या कपाटात गेलं नाही. (पाकशास्त्राचं एक पुस्तक सतरा वर्षं रसायनशास्त्रात होतं, पण त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.) अशा माणसाच्या बाल्कनीत एक झाड बावीस वर्षं ओळखपाटीशिवाय उभं असावं, हे आज दात घासताना एकाएकी असह्य झालं.

सौ.ला विचारलं, की हे नेमकं कोणतं झाड. ती म्हणाली, की ताईचं. मी म्हटलं, की ती झाली मालकी, मी जात विचारतोय. ती म्हणाली, की अहो, बावीस वर्षं पाणी घालतेय, माझं कधी अडलं नाही.

पार्श्वभूमी, नोंदीपुरती: सौ.ची ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या घरचं मूळ झाड सामान हलवताना कुठेतरी गहाळ झालं. आमच्याकडचं झाड तिनेच त्याची फांदी आणून स्वतःच्या हाताने लावलेलं. ताईच्या मुलीने, आमच्या भाचीने, आता स्वतःचं घर घेतलं आहे. २८ फेब्रुवारीला ती येऊन या झाडाची फांदी नेणार. आईच्या हातचं एवढं एकच उरलंय, असं ती फोनवर म्हणाली म्हणे.

भाचीला निनावी फांदी देणं मला प्रशस्त वाटत नाही. कुल, जाती आणि उपजाती यांसह द्यायची. मुदत चोपन्न दिवस. पुष्कळ झाली.

६ जानेवारी
आधी तत्त्व, मग झाड.

जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा. पान जाड, चकचकीत, बदामाच्या आकाराचं. भिंगातून पाहिलं तर पानावर बारीक ठिपके दिसतात. खोड फुगीर, गुबगुबीत. हिच्यासारखी दिसणारी, पण हिची कोणीही न लागणारी दुसरी वनस्पती म्हणजे पोर्टुलाकारिया. पान नखाएवढं, खोड तांबूस, फांदी लवचीक. दोघींचं कूळ वेगळं, घराणं वेगळं. तरीही बाजारात दोघींनाही सरसकट जेड म्हणतात. समाजाची घसरण इथूनच सुरू होते.

शिवाय जेड आणि तिच्या नात्यागोत्यात अनेक प्रकार: लाल कडेची, सोनेरी, पानांवर चूर्ण असलेली रुपेरी, लहरी पानांची. डोळस माणसाला फरक एका नजरेत कळतो.

निरोप समारंभात लायब्ररीने मला कॅटलॉग कार्डांचं वीस खणांचं लाकडी कपाट दिलं होतं. सौ. त्यात बटणं ठेवते. आज बटणं हलवली. सौ.शी त्यावर चर्चा झाली. तीन खणांत बटणं परत गेली.

८ जानेवारी
पाणी घालण्याचं काम सौ.कडून काढून घेतलं. कारण शास्त्रीय आहे: ओळखीचा अंतिम पुरावा फूल. जेडला फूल येण्यासाठी थंडी, ऊन आणि तहान लागते. थंडी आहे. ऊन मिळावं म्हणून कुंडी बाल्कनीच्या टोकाला पत्र्यावर ठेवली. तहानेची व्यवस्था मी केली.

सौ. म्हणाली, की बावीस वर्षांत एकदाही फूल आलं नाही, काही बिघडलं का. मी म्हटलं, की बावीस वर्षं पाणी तू घालत होतीस.

९ जानेवारी
पानं मोजली: २१२. लांबीची सरासरी ३.१ सेंटिमीटर, म्हणजे जेड. मात्र शेंड्यावरची तीन पानं जेमतेम १.२ सेंटिमीटर, म्हणजे पोर्टुलाकारिया. प्रकरण वाटतं तेवढं साधं नाही.

सौ. म्हणाली, की ती कोवळी पानं आहेत. असू शकतात. पण असं म्हटलं की संशोधनच संपलं.

१२ जानेवारी, दुपारी १२
मोडणी चाचणी. जेडची फांदी काकडीसारखी कट्‌कन तुटते, पोर्टुलाकारियाची वाकते. चाचणीसाठी फांदी निरोगी, जाड आणि डेरेदार हवी. तशी एकच होती. सौ.ने तिला आधीच लाल दोरा बांधून ठेवला होता, त्यामुळे शोधावी लागली नाही.

कट्‌कन तुटली. निष्कर्ष जेड. खात्रीसाठी आणखी दोन मोडल्या. दुसरी तुटली, तिसरी वाकली. दोनास एक. अनिर्णित.

आवाज ऐकून सौ. बाहेर आली. म्हणाली, की तो दोरा भाचीसाठी होता. तिच्यासाठी ती एक फांदी काढून ठेवली होती. मी म्हटलं, की म्हणूनच निवड बिनचूक झाली. तिने मोडलेल्या फांदीवरचा दोरा घट्ट केला आणि ती आत गेली. विषयाची व्याप्ती लक्षात येत असावी.

दोरा असलेली फांदी नमुना क्र. ४ म्हणून सातव्या खणात, कार्डासह.

१५ जानेवारी
नमुना क्र. ४ गायब!

कार्ड आहे, फांदी नाही. चौतीस वर्षांत माझ्या विभागातून एक वही हलली नव्हती. सौ.ला विचारलं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत काहीतरी करत होती. हाताला माती. म्हणाली, की तुमच्या खणांचं मला काय माहीत, मी आपली बटणांची मालकीण.

काल घरात एकच परका माणूस येऊन गेला: तळमजल्यावरचा दंतवैद्य. निवृत्त. बागप्रेमी मंडळाचा अध्यक्ष. दाराशी एकसष्ट कुंड्या, आणि एकीलाही पाटी नाही. शिडी परत करायला आला होता. कपाट बघून म्हणाला, की वा, दात मोजून माणूस ओळखायचा प्रकार दिसतोय. मी हसलो नाही. तो मात्र बराच वेळ हसला, आणि तेवढ्या वेळात सातवा खण कोणीही उघडू शकला असता.

१७ जानेवारी
चव चाचणी. पोर्टुलाकारियाचं पान खातात, ते आंबट लागतं. जेडचं खात नाहीत. तेव्हा खाऊन पाहणं हाच सरळ मार्ग.

सकाळी ६.३०: अर्धं पान. स्पष्ट आंबट. पोर्टुलाकारिया. सिद्ध!
संध्याकाळी ५.००: खात्रीसाठी उरलेलं अर्धं सोडून दुसरं पान. आंबटपणा नाही. किंचित कडसर. जेड. हेही सिद्ध.

१९ जानेवारी
तीन दिवस तोच निकाल. सकाळी आंबट, संध्याकाळी बेचव. पोट बिघडलं आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही.

शांतपणे विचार केला. एकच झाड सकाळी एका जातीचं आणि संध्याकाळी दुसऱ्या जातीचं असू शकत नाही. म्हणजे ही दोन झाडं आहेत. म्हणजे कोणीतरी सकाळ आणि संध्याकाळ यांच्या दरम्यान कुंडी बदलतं आणि रात्री पुन्हा जागेवर आणून ठेवतं. कोण, ते मी इथे लिहीत नाही. शिडी कोणाकडे होती, एवढंच लिहितो.

सौ.ला हे समजावून सांगितलं. क्रमाने, आकृती काढून. तिने आकृती पाहिली, माझ्या कपाळावर हात ठेवून पाहिला, आणि मऊ भात टाकायला गेली.

२० जानेवारी, संध्याकाळी ६
सकाळी सातपासून बाल्कनीत खुर्ची टाकून पहारा. नजर कुंडीवरून हटली नाही. दुपारी एक ते तीन चाळीस डोळा लागला. अदलाबदल याच काळात झाली, हे उघड आहे. संध्याकाळचं पान बेचव.

सौ. म्हणाली, की एक ते तीन चाळीस तुम्ही घोरत होतात, खालून दंतवैद्यांनी मोटर चालू आहे का म्हणून विचारलं. म्हणजे तो त्या वेळी खालीच होता. त्याने स्वतः कबूल केलं!

बागप्रेमी मंडळाला पत्र लिहिलं. तीन पानं, चार परिशिष्टं. आरोप दोन: नमुना क्र. ४ची चोरी आणि वनस्पतीची दररोज होणारी अदलाबदल. मंडळाचा चिटणीस गावी असल्याने पत्र अध्यक्षांकडे द्यावं लागलं. स्वतःच्या हाताने त्यांच्या हातात दिलं. लपवाछपवी मला जमत नाही.

२३ जानेवारी
नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्या बाईंना पद्धतशीर माहिती दिली: आंबट, बेचव, शिडी. त्या कुंड्यांत माती भरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, की सर, सगळ्या जेडचं तसंच असतं. रात्रभर पानात आंबट साठवतात, दिवसभर उन्हात खर्चतात. सकाळी खाल तर आंबट, संध्याकाळी खाल तर बेचव. पण तुम्ही खाता कशाला?

शिक्षण फारसं नसावं. तरी बोलण्यात आत्मविश्वास होता.

मग विचारलं, की पाणी कधी घातलंत. मी म्हटलं, की ५ जानेवारीला, सौ.ने. त्यांचा हात पहिल्यांदा थांबला. म्हणाल्या, की सर, झाड ओळखायचं तर आधी ते जगवावं लागतं. मेल्यावर सगळी सारखीच.

वाक्य बरं होतं. टिपून ठेवलं. संदर्भ कळला नाही.

२४ जानेवारी
आज एक महत्त्वाचा शोध लागला. जेड रात्री आम्ल साठवते आणि दिवसा वापरते! तीन दिवसांच्या प्रत्यक्ष चव-निरीक्षणातून मी हा निष्कर्ष काढला आहे. कार्ड लिहिलं. संशोधकाच्या रकान्यात माझं नाव. तर झाड जेडच. आता प्रश्न प्रकाराचा.

अदलाबदलीचा आरोप त्यामुळे थोडा सैल होतो. पत्र मागे घ्यावं का? नको. चोरीचा आरोप उभाच आहे, आणि पत्रातलं मराठी निर्दोष आहे.

२७ जानेवारी, सकाळी ८
विजय! पानांच्या कडा लाल झाल्या आहेत. रेखीव, कुंचल्याने ओढल्यासारख्या. म्हणजे ही साधी जेड नव्हे, लाल कडेची जात. बावीस वर्षं लपून होती. मी उन्हात ठेवल्यावर उघड झाली.

आईस्क्रीमच्या काडीवर पहिली ओळखपाटी लिहून कुंडीत खोचली. सौ. म्हणाली, की पत्रा तापतोय, झाड भाजतंय. मी म्हटलं, की सोनंही तापवूनच ओळखतात. ती म्हणाली, की मग सोनं खाऊन का नाही बघितलंत.

३१ जानेवारी
आणखी एक. पानं चपटी होऊन त्यांना लाटांसारख्या सुरकुत्या पडल्या आहेत. लहरी पानांची जात! एकाच झाडावर दोन प्रकार. निसर्गात क्वचित घडतं. दुसरी पाटी खोचली.

सौ. म्हणाली, की पाणी नाही मिळालं की असंच होतं, माझे हात बघा. पण भांडी घासणारे हात सुरकुततात ते पाण्यामुळे. तिच्या म्हणण्यात अंतर्विरोध आहे. दाखवून दिला. तिने घासणी माझ्या हातात दिली. चर्चा त्यापुढे गेली नाही.

पानं: १४८. गळलेली पानं ‘नाकारलेले नमुने’ म्हणून कचऱ्यात.

३ फेब्रुवारी
स्वयंपाकघराच्या खिडकीत, कान तुटलेल्या चहाच्या कपात सौ.ने काहीतरी लावलं आहे. ठेंगणं, गुबगुबीत, चारदोन नवी पानं. खोडाला कसलासा लाल दोरा. सामान्य शोभेचं झुडूप. जेडशी सुतराम संबंध नाही. अशा झाडांसाठी भिंग काढायची गरज नसते.

सौ.ला सुचवलं, की हे इथून हलव, अभ्यास चालू असलेल्या घरात असलं झाड बघणाऱ्याची दिशाभूल करतं. तिने मला नीट विचारलं, की हे जेड नाही ना, नक्की? मी म्हटलं, की नक्की. तिने ते चहाच्या डब्यामागे सरकवलं आणि गुणगुणत कणीक मळायला घेतली. एवढ्या साध्या ज्ञानानेही माणसाला किती आनंद होतो.

५ फेब्रुवारी
दंतवैद्य पत्र घेऊन वर आला. भांडणाच्या तयारीने मी परिशिष्टं बाहेर काढून ठेवली. पण तो सोफ्यावर बसून हसतच राहिला. डोळे पुसले. म्हणाला, की पंडित, चाळीस वर्षांत कोणी मला इतकं मनापासून लिहिलेलं नाही, रुग्णांनीसुद्धा नाही. मग म्हणाला, की २२ तारखेला मंडळाची सभा आहे, तिथे जेडवर बोला. एकदा सगळं बाहेर पडू द्या, दुखरा दात आत ठेवू नये.

निमंत्रण! त्याच्या मनात अपराधीपणा असावा.

विषय ठरवला: जेड, तिच्या जाती आणि समाजातील गैरसमज. सभेत झाड टवटवीत दिसावं म्हणून आजपासून पाणी सुरू. महिनाभराची भरपाई करायची तर हात आखडून चालणार नाही. सकाळी दोन तांबे, संध्याकाळी दोन. सौ. म्हणाली, की उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवू नये. भाषा चांगली आहे तिची. विषय कळत नाही.

१० फेब्रुवारी
सोनेरी जात!! पानं खालून वर एकेक करून पिवळी होत आहेत. सकाळच्या उन्हात तर पाहवत नाही, इतकी सुंदर. तिसरी पाटी.

पानं: ९७. कमी होत आहेत, पण दर्जा वाढतो आहे.

१३ फेब्रुवारी, सकाळी ९
चौथी जात. रुपेरी.

पानांच्या बेचक्यांत पांढरं, कापसासारखं चूर्ण आलं आहे. पुस्तकात रुपेरी जातीच्या पानांवर चूर्ण असल्याचा उल्लेख आहे. पण त्यात एक गोष्ट नोंदलेली नाही, ती मी भिंगातून पाहिली. हे चूर्ण चालतं. अगदी हळू, पण चालतं. पंधरा मिनिटांत तीन मिलिमीटर.

वनस्पतिशास्त्राला हे कळवावं लागेल.

एक फांदी घेऊन लगेच खाली गेलो आणि दंतवैद्याच्या एकसष्टही कुंड्यांशी ताडून पाहिली. प्रत्येक झाडावर फांदी टेकवून, नीट. कोणाकडेच हे चूर्ण नव्हतं. निदान मी येईपर्यंत तरी नव्हतं. जाताना दोन-तीन ठिकाणी दिसलं. माझ्या सहवासाचा परिणाम.

१८ फेब्रुवारी
झाड डावीकडे झुकलं आहे. पाचवी जात: लोंबती. कुंडीत आता पाच पाट्या आहेत आणि पानं एकेचाळीस. पाट्या जास्त उठून दिसतात. खोड बोटाला मऊ लागतं. लायब्ररीतली पोलादी पट्टी आधाराला बांधली.

सौ.ने विचारलं, की दहा दिवसांत पोरगी येईल, तिला देणार काय. मी सांगितलं, की भाषणाची प्रत, पाचही जातींची कार्डं आणि माझ्या सहीचं ओळखपत्र. ती म्हणाली, की तिने फांदी मागितली होती, कुंडली नाही. मी म्हटलं, की फांदी कोणीही देईल. ती म्हणाली, की हो, कोणीही देईल, तुम्ही सोडून.

तिचं बोलणं अलीकडे फार थोडक्यात असतं.

२२ फेब्रुवारी, रात्री ९
भाषण झालं.

उपस्थिती एकोणीस. पैकी चौघं पार्किंगच्या तक्रारीसाठी आली होती, विषय निघेपर्यंत थांबली. नर्सरीवाल्या बाई खास पाहुण्या. सौ. शेवटच्या रांगेत, मांडीवर पिशवी.

प्रारंभ उत्तम झाला. वर्गीकरणाचं महत्त्व: पंचवीस मिनिटं. मग झाडावरचा रुमाल काढला आणि म्हटलं, की मंडळी, एका कुंडीत पाच जाती आपण कधी पाहिल्या आहेत का. कोणी पाहिल्या नव्हत्या. नर्सरीवाल्या बाई पुढे झुकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, की अगं बाई.

मी एकेक जात दाखवत गेलो. लाल कडेची: बाई म्हणाल्या, की ऊन लागलंय. लहरी: तहानलेलं होतं. सोनेरी: पाणी जास्त झालं. रुपेरी जातीचं चालतं चूर्ण दाखवलं तेव्हा त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, की सर, हे पिठ्या ढेकूण आहेत, कीड आहे ही, ते आधी खाली ठेवा. दंतवैद्य पहिल्यांदाच हसायचा थांबला. त्याने विचारलं, की त्या दिवशी माझ्याकडे हेच आणलं होतंत का. मी म्हटलं, की प्रश्न शेवटी घ्यावेत.

पाचवी जात, लोंबती, दाखवण्यासाठी खोडाला हात लावला. खोड हातात आलं. वरचा भाग सगळा. खालचा भाग कुंडीत राहिला, तोही फार वेळ नाही. पोलादी पट्टी तेवढी उभी होती. पाचही पाट्या होत्या.

मागून पार्किंगवाल्यांपैकी कोणीतरी विचारलं, की ही सहावी का.

मी ढळलो नाही. आता श्रोत्यांनी आणलेली झाडं ओळखून देतो, असं जाहीर केलं. कोणी आणली नव्हती. तेव्हा सौ. उठली, चालत पुढे आली आणि पिशवीतून तो कान तुटलेला कप काढून टेबलावर ठेवला. आता वीतभर झालं आहे झुडूप. मी सर्वांसमक्ष, सकारण सांगितलं: हे जेड नव्हे. जेडचा डौल वेगळा असतो. शिवाय खोडाला दोरा बांधला आहे, तो का, हे लावणाऱ्यालाच ठाऊक. शास्त्रात दोऱ्याला स्थान नाही.

नर्सरीवाल्या बाईंनी कपाकडे पाहिलं, मग सौ.कडे पाहिलं, आणि तोंडावर हात धरून खाली बसल्या. खांदे बराच वेळ हलत होते. माझ्या भाषणाने त्या हलल्या असाव्यात.

सौ.ने विचारलं, की लेखी द्याल? मी कार्डावर लिहून सही करून दिली.

२३ फेब्रुवारी
दंतवैद्याच्या एकसष्टपैकी चौदा कुंड्यांवर चूर्ण. तो सकाळपासून साबणाचं पाणी फवारतो आहे. मला पाहून म्हणाला, की पंडित, पुढच्या वेळी झाडं ताडून बघायची तर फोटो आणा. मीही फवारायला लागलो. त्याने पंप काढून घेतला.

२५ फेब्रुवारी
सौ.ने कुंडी धुऊन पालथी घातली. बाल्कनीत पत्र्यावर गोल डाग आहे.

म्हणाली, की भाचीला फोन तुम्ही करायचा. झाड तुम्ही ओळखलंत, तुम्हीच सांगा.

मसुदा केला. पहिला तीन पानांचा. दुसरा दीड. तिसऱ्यात कीड, हवामान आणि पत्रा यांचा उल्लेख काढून टाकला. मग उरलं ते एकच वाक्य होतं. ते काही लिहवेना. संध्याकाळी फोन केला आणि तेच बोललो. काका, मी तरी येतेच, असं भाची म्हणाली. आवाज दबलेला. हुंदका असावा. हसण्यासारखा वाटला, पण दुःखाचे असेही प्रकार असतात.

नीट झोप नाही. वर्गीकरणात चूक कुठे झाली, ते तपासतो आहे. पद्धतीत कुठेही दोष सापडत नाही.

२८ फेब्रुवारी, दुपारी ४
भाची आली. हुबेहूब ताईसारखी पायऱ्या चढते, दोन-दोन, आणि वर येऊन दम लागला नाही असं दाखवते. मी समोर गेलो. हातात लिफाफा: पाच कार्डं, भाषणाची प्रत, ओळखपत्र. ती, बसते काका, म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेली.

सौ.ने चहाच्या डब्यामागून कप काढला.

भाचीने कप दोन्ही हातांत धरला आणि नवी पानं बोटाच्या टोकाने मोजली. सौ. म्हणाली, की मोडल्यावर दोन दिवस यांच्या त्या खणातच होती फांदी, कोरडी. बरंच झालं, जखम सुकली. मग लावली, ती लागली. तुझ्या आईचं झाड आहे ते, त्याला कुठे लावलं याचं काही वाटत नाही.

मी भिंग आणलं. पहिल्या पानापासून सुरुवात करणार होतो. मग भिंग खाली ठेवलं. लाल दोरा भिंगाशिवाय दिसत होता. दोरा मी ओळखला.

नमुना क्र. ४. दंतवैद्याला पत्र लिहावं लागेल. अर्धं पान पुरेल.

भाचीला विचारलं, की याला पाटी लिहून देऊ का, काडी आहे, पेन आहे. ती म्हणाली, की नको काका, हे मला ओळखता येतं. मग सौ.ने तिला माझं २२ तारखेचं कार्ड दाखवलं: हे जेड नव्हे, खाली सही. दोघी ओट्याला धरून हसल्या. भाचीने ते कार्ड मागून घेतलं, नव्या घरात फ्रेम करून लावणार म्हणाली. लिफाफा टेबलावरच राहिला.

निघताना दारात बूट घालायचे म्हणून तिने कप माझ्या हातात दिला. हलका होता. मातीचा वास चांगला येत होता. तेवढ्यात आतून सौ. ओरडली, की अगं, त्यांच्याकडे नको देऊस! भाचीने एक बूट तसाच ठेवून कप परत घेतला.

कप माझ्याकडे अंदाजे चार सेकंद होता. पान एकही पडलं नाही.